किल्ला वेळ खातो

"आपण काय करता?" या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतो. म्हणून बरीच वर्षं मी "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगत आले. खरं उत्तर असं, की मी खेळते. चौदा वर्षं मी पगार घेऊन मोबाइलवरचा लढाईचा खेळ खेळले, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या घराच्या ओसरीत बसून, आणि गेल्या उन्हाळ्यात ते काम सोडलं. सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायच्या की सूनबाईचं ऑफिस फोनमध्येच आहे. त्यांचं वर्णन माझ्यापेक्षा बरं होतं.

आमचा खेळ डावाडावाने खेळायचा. हे बाहेरच्या माणसाला आधी समजावून द्यावं लागतं, कारण मोबाइलवरचा खेळ म्हटलं की लोकांना धडाधड गोळ्या आणि पळापळ आठवते. आमच्याकडे कसलीच घाई नाही. नकाशावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं, त्यांत गावं, जंगल, नदी, पूल. दोन खेळाडू. दिवसाला प्रत्येकाला तीन चाली. आधी एकाने आपल्या तीन करायच्या, त्या जशा होतील तशा दुसऱ्याला त्याच्या पडद्यावर दिसतात, मग त्याने आपल्या करायच्या. दिवस संपेपर्यंत केल्या नाहीत तर डाव चुकला, त्या दिवशी तुमची फौज नुसती उभी. एक सामना महिनोन् महिने चालतो. लोक सकाळी चहा पिता पिता तीन चाली करतात आणि कामाला लागतात.

नागपूरच्या एका लहान कंपनीचा हा खेळ. आम्ही पाच तपासनीस. खेळात नवीन काही घालायचं ठरलं की आम्ही ते हरतऱ्हेने खेळून बघायचं, कुठे मोडतं ते शोधायचं, आणि ते ठेवावं की काढावं याचा अहवाल द्यायचा. खेळणाऱ्यांच्या तक्रारीही आमच्याकडेच यायच्या. या कामाला हुशारी फार लागत नाही. भोचकपणा लागतो, आणि तो माझ्याकडे माहेरूनच आला आहे.

तक्रारींत सगळ्यात जास्त तक्रारी किल्ल्याच्या. हिंगणघाटचे एक गृहस्थ दोन महिने रागारागाने लिहीत होते की हत्ती लावूनसुद्धा किल्ला पडत नाही, तुमचा खेळ बनवाबनवीचा आहे. मी त्यांचा सामना उघडून पाहिला. ते ज्याला किल्ला समजून हत्तींची टक्कर देत होते तो नकाशावर शोभेला ठेवलेला खडक होता. खरा किल्ला त्याच्या मागे होता आणि त्यातली फौज दोन महिने निवांत बसून ही गंमत बघत होती. कळवल्यावर त्यांचं उत्तर आलं, "मग खडक किल्ल्यासारखा का काढला?" मुद्दा बिनतोड होता. आम्ही खडक बदलला.

केळझरचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी चार पानी पत्र टाइप करून पाठवलं की तुमच्या किल्ल्यात विहीर नाही, धान्याचं कोठार नाही, मग आतली माणसं काय दगड चावतात? आशुतोषने, म्हणजे खेळ रचणाऱ्या आमच्या साहेबाने, ते पत्र बाजूला ठेवलं होतं. हा माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारा आणि माझं क्वचित ऐकणारा. मी वाद घालून विहीर आणि कोठार घालायला लावलं. तेव्हापासून किल्ल्यात साठा भरून ठेवता येऊ लागला, आणि साठा असेल तोवर भिंतीला पडलेली खिंडारं रोज आपोआप बुजू लागली. मास्तरांनी आभाराचं पत्र पाठवलं. त्यात आता शौचकूपाचंही बघा अशी सूचना होती.

आता मूळ प्रश्नाकडे येते. दगड हे आमच्या खेळातलं चलन. किल्ला बांधायला चाळीस दगड आणि चार दिवस लागतात. बांधून झाला की तो जागचा हलत नाही. तेवढ्याच दगडांत घोडेस्वारांच्या दोन तुकड्या येतात आणि त्या चौथ्या दिवशी शत्रूच्या गावात असतात. आम्ही पाच जणांनी वर्षानुवर्षं खेळून पाहिलं होतं. किल्ला बांधणारा बहुतेक वेळा हरतो, आणि जिंकला तरी फार उशिरा जिंकतो. अहवालात "दोष" या रकान्यात मी स्वतः लिहिलं होतं, "किल्ला वेळ खातो." दोन वर्षांपूर्वी माझ्याच सूचनेवरून आम्ही त्याच्या भिंतीचा जोर निम्म्यावर आणला, सामने लवकर संपावेत म्हणून. त्यानंतर काही जुने सामने अर्ध्यावर बंद पडले. त्यांच्यापुढे मी "खेळाडूंचा रस संपला" असा शेरा मारला आणि पुढच्या कामाला लागले. त्या शेऱ्याची मला आज लाज वाटते.

मग एके दिवशी आशुतोष म्हणाला की किल्ला काढूनच टाकू. दिवाळीनंतरच्या आवृत्तीत किल्ला नसेल, आणि चालू सामन्यांतले किल्लेही त्या दिवशी नकाशावरून पुसले जातील. मराठी खेळ म्हटला की लोकांना किल्ला लागतो म्हणून तो इतके दिवस ठेवला होता, असं त्याचं म्हणणं. तो पुण्याहून आलेला. तिकडच्या माणसांचा किल्ल्यात जीव असतो, त्यामुळे तोच काढतो म्हणाल्यावर मी कशाला अडवू? आमच्या वर्ध्याच्या सपाटीवर वाढलेल्या बाईला दर रविवारी किल्ला चढण्यात काय सुख आहे हे अजून कळलेलं नाही. मी हो म्हटलं. शेवटचा अहवाल तेवढा माझ्याकडे आला, तीन आठवड्यांच्या मुदतीने.

अहवालासाठी मी किल्ला असलेले सगळे चालू सामने काढले आणि त्यात एक विचित्र सामना सापडला. खेळाडूंची खरी नावं आम्हाला दिसत नाहीत, त्यांनी घेतलेली नावं दिसतात. एकीचं नाव "सिंदीवाली", दुसरीचं "निवांत". सामना अडीच वर्षं चाललेला. निवांतकडे एक किल्ला, मागे चार गावं आणि बेताची फौज. सिंदीवालीकडे तिच्या तिप्पट फौज. निवांत आठवड्यात तीन दिवस डाव चुकवायची, सोमवार, बुधवार, शुक्रवार. आणि बरोबर त्याच तीन दिवशी सिंदीवाली किल्ल्यावर चालून जायची. एरवी दोघी पुलावर झटापट करायच्या. किल्ल्यामागची गावं उघडी पडली होती. माझ्यासारखीने ती दुपारच्या आत घेतली असती. सिंदीवालीने अडीच वर्षांत त्यांना हात लावला नव्हता.

मला वाटलं, लबाडी. एकच माणूस दोन फोनांवरून स्वतःशीच खेळतो आणि दर दिवसाला मिळणारे दगड जमवतो, असे प्रकार आम्ही पकडलेले होते. मी सिंदीवालीला खेळातूनच निरोप पाठवला की तुमच्या सामन्याबद्दल विचारायचं आहे. उत्तरात फोन नंबर आला, पत्ता आला आणि एकच शब्द, "या."

पॅसेंजरने सिंदी रेल्वे नावाच्या त्या गावाला गेले. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, वाटेत जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या. दार उघडलं ते साठीपलीकडच्या एका बाईंनी, पांढरी स्वच्छ साडी, केस घट्ट बांधलेले. गजभिये सिस्टर. सेवाग्रामच्या दवाखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मी खुर्चीवर नीट बसले आहे की नाही हे त्यांनी आधी पाहिलं आणि मग चहा ठेवला.

लबाडीचा संशय मी सांगितला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. निवांत म्हणजे कुंदा, त्यांच्याच वॉर्डातली दुसरी नर्स, सेवाग्रामला राहते, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. दोघींनी अर्धी नोकरी एका पाळीत काढलेली. कुंदाताईंची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. सकाळी नऊ ते एक. त्या दिवशी चालायचं त्राण नसतं, खेळायचं तर दूरच. खेळ सिस्टरच्या भाचीने दोघींना शिकवला होता, आजारपणाच्या आधी.

मी विचारलं की मग डाव चुकवते त्याच दिवशी तुम्ही तिच्यावर हल्ला का करता? हे जरा निर्दयच नाही का?

सिस्टरनी कप खाली ठेवला. "बाई, आजारी माणसाले कीव लगेच समजते. मी तीस वर्षं पाह्यलं आहे. सुरुवातीले मी त्या तीन दिवशी गप बसत जावो. कुंदीच्या ध्यानात आलं. मले म्हणे, तू मले खेळवून राह्यली, मले नाई खेळाचं. फोनच बंद करून ठेवला आठ दिवस. मग मीच तिले म्हटलं, नवा खेळ मांडू, किल्ला बांध. किल्ला आहे म्हणून मले मारता येते. तो नसला तं मी मारलं तरी पाप आणि नाई मारलं तरी पाप."

मी वहीत काही लिहिलं नाही. चौदा वर्षांत किल्ला बांधणाऱ्याला काय मिळतं हे आम्ही मोजलं होतं. समोरच्याला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न आम्हा पाचांपैकी एकालाही कधी पडला नव्हता.

निघताना सिस्टर दारापर्यंत आल्या आणि एक तक्रार केली. "पहिले भिंत चांगली होती. तिन्ही चालींत ठोकलं तरी उभी राह्ये. आता दोन ठोशातच डगमगते. तिसऱ्या चालीले मी घोडे नुसते इकडून तिकडं फिरवते. ते मले आवडत नाई. तिले समजलं तं?" भिंत कोणी कमी केली हे मी त्यांना सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र बंद पडलेले ते जुने सामने एकेक करून आठवत राहिले. रस संपला नव्हता बहुतेक त्यांचा. काही जण मारायला धजावले नसतील, आणि काहींना आपल्यावर दया होते आहे हे कळलं असेल. आता ते शोधून काढायचा मार्ग नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी नवा तपास सुरू केला, आणि तेव्हा आमची मूळ चूक उघडी पडली. आम्ही तपासनीस कधीच डाव चुकवत नाही. चुकवला तर काम चुकलं. म्हणजे किल्ला ज्याच्यासाठी आहे, जो रोज येऊ शकत नाही, तो माणूस आमच्या तपासात कधी आलाच नव्हता. छत्री निरुपयोगी आहे असा अहवाल आम्ही वर्षानुवर्षं घरात बसून लिहीत होतो.

मी बाकीच्या चौघांना माझ्यावर पूर्ण जोराने तुटून पडायला सांगितलं आणि स्वतः मुद्दाम डाव चुकवू लागले. हे वाटतं तितकं सोपं नाही. पडद्यावर आपली माणसं मार खात असतात आणि बोट शिवशिवतं. पहिल्या दिवशी मी फोन तांदळाच्या डब्यात घालून ठेवला. किल्ल्याशिवाय माझं राज्य दोन दिवसांत संपलं. निम्म्या भिंतीच्या किल्ल्याने तीन दिवस काढले. जुन्या, पुऱ्या भिंतीच्या किल्ल्याने साठा भरलेला असताना अकरा दिवस काढले, आणि बाराव्या दिवशी मी परत आले तेव्हा खेळायला काही तरी शिल्लक होतं. आकडे आशुतोषला दाखवण्यासारखे होते.

पण त्याच नोंदी तपासताना मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि भोचकपणाने पुन्हा उचल खाल्ली. निवांत डायलिसिसच्या दिवशी चाल करत नव्हती, पण खेळ उघडत होती. सकाळी नऊच्या सुमारास उघडायची आणि एक वाजेपर्यंत बघत बसायची. चार तास. बोट न लावता.

सिस्टरकडून नंबर घेऊन मी कुंदाताईंना फोन केला. त्यांनी मंगळवारी बोलावलं. सेवाग्रामला त्यांचं घर दवाखान्यापासून जवळच, दारात तुरीची पोती ठेवलेली. नवऱ्याची शेती आहे, ते तिकडेच गेले होते. कुंदाताई सिस्टरच्या अगदी उलट, बोलक्या आणि थट्टेखोर. डाव्या हातावर सुयांच्या जागेचा फुगीर भाग, तो त्यांनी पदराने झाकला नाही. मी दिलेलं सफरचंद हातात घेऊन त्या म्हणाल्या, हे आणलं काऊन, मले फळं मोजून खा लागतात, आणि मग ते मलाच कापून दिलं.

मी विचारलं की तुमचा उजवा हात मोकळा असतो, खेळ उघडा असतो, मग तुम्ही चाल का करत नाही?

त्या हसल्या. "पकडलं का? सिस्टरले सांगजो नको. तिले वाटते मी झोपून राह्यते." मग त्यांनी सुरी बाजूला ठेवली. "मशीन लागली का माणूस काहीच करू शकत नाई, ताई. रक्त बाहेर जाते, फिरून येते, आपण पडून पाहाचं. पहिले मी रडो. मग म्हटलं, चाला, हेबी असंच पाहू. मी काही करून नाई राह्यली, तरी माहा किल्ला उभा आहे. एक ठोसा पडला, उभा आहे. दुसरा पडला, उभा आहे. मी हात लावला तं मजाच गेली ना त्याची."

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. नर्सबाईंसमोर लपवून उपयोगही नसतो. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं की किल्ल्यात कोणीच नसलं तर तो किती दिवस टिकतो. हे मी नुकतंच तपासलं होतं. पुरी भिंत असेल तर अकरा, मी सांगितलं.

"बस झाले," त्या म्हणाल्या. "मले तं एक दिवसाआड परत याचंच आहे."

निघताना त्यांनी मैत्रिणीची जराशी थट्टाही केली. खेळात ओढलं तिनेच, पण आता तीच फार हळू झाली आहे, एकेका चालीला किती विचार करते, वय झालं बिचारीचं. मी हसून मान डोलावली आणि बसस्टॉपकडे निघाले.

अहवाल मी त्याच आठवड्यात दिला. किल्ला ठेवावा आणि भिंत पूर्वीएवढी करावी. कारणात तपासाचे आकडे दिले, दोघींचं काहीच लिहिलं नाही, ते माझं नव्हतं. भिंत निम्मी करण्याची सूचना माझी होती आणि ती चूक होती, हेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी आशुतोषचा फोन आला. "ताई, माझी आई दिवसाआड खेळते. ती सारखी हरते म्हणून मी तिला हसायचो," एवढंच म्हणाला आणि त्याने किल्ला ठेवला.

नवी भिंत ज्या सोमवारी सुरू झाली त्या दिवशी सगळं नीट चालतं आहे ना हे बघायला मी काही सामने उघडून बसले. त्यांत या दोघींचाही होता. नऊ वाजून पाच मिनिटांनी निवांत आली. नऊ दहाला सिंदीवालीची पहिली चाल, हत्ती, थेट दरवाज्यावर. भिंत हलली पण उभी राहिली. मग काहीच नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. मला वाटलं नव्या आवृत्तीत काही अडकलं. सिंदीवालीचा फोन बंद पडला की काय म्हणून तिच्या मागच्या नोंदी काढल्या. आदल्या शनिवारी तिने तिन्ही चाली दीड मिनिटात संपवल्या होत्या. रविवारी दोन मिनिटांत. त्याच्या आदल्या शुक्रवारी मात्र पहिली नऊ दहाला, दुसरी अकराला, तिसरी एकला दहा कमी असताना. बुधवारी तसंच. मी मागे जात राहिले, अडीच वर्षं मागे. एरवी दीड-दोन मिनिटं. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी चार तास.

अकरा वाजता दुसरा ठोसा पडला. मी भाजी फोडणीला टाकली ती करपली. एकला दहा कमी असताना तिसरा पडला, पुऱ्या जोराचा, घोडे इकडून तिकडे फिरवणं नाही. किल्ला उभा होता. पाच मिनिटांनी निवांतने खेळ बंद केला. मशीन काढायची वेळ किती वाजता येते हे वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी सांगावं लागत नाही.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. भिंत आता बरी झाली म्हणून त्यांनी मला सांगितलं, तीनदा मन लावून ठोकलं तरी पडली नाही म्हणून. आवाजात समाधान होतं. माझा स्वभाव मला गप्प बसू देईना. मी विचारलंच, "सिस्टर, या तीन दिवशी तुम्हाला चाली करायला एवढा वेळ का लागतो?"

त्या म्हणाल्या, "वय झालं, बाई. लवकर सुचत नाई."

मी बरं म्हटलं. मंगळवारी सकाळी सामना उघडून पाहिला. त्यांच्या तिन्ही चाली सव्वा मिनिटात झाल्या होत्या.